रीळ चौदा

पार्सल तिसऱ्या दिवशी आलं.
दोन दिवस विमान धुक्यापलीकडे अडकलेलं.
आत एक हार्ड डिस्क आणि बारा पानी करारनामा.
पान तीन : प्रतिमांचे सर्व हक्क संग्रहालयाचे.
पान नऊ : दर, सेकंदाला.

मी संकलन करते, फियॉर्डच्या काठी,
मासळीच्या जुन्या शीतघरात.
(शीतघर, आणि इथे!
ज्यानं बांधलं त्याला गाव अजून हसतं.)

रीळ चौदा. मूक. सन सत्तेचाळीस.
बर्फावर एक बाई, पाठीवरच्या टोपड्यात बाळ.
वारा दिसतो, ऐकू येत नाही.
कॅमेऱ्यामागून कुणी काही विचारत असावं,
तिचा चेहरा क्षणभर हलतो,
मग यंत्र तसंच फिरत राहतं
अकरा सेकंद.
खाली टंकलेली ओळ :
आनंदी एस्किमो स्त्री. नाव अज्ञात.

आजोबांना बोलावलं. पिउगात्तुक, वय सत्त्याहत्तर.
त्यांनी चेहऱ्याआधी शिवण पाहिली.
"दुहेरी टाका. असा एकच हात घालायचा.
उल्लुरिआक. माझी आई."
मग टोपड्यावर बोट ठेवून,
"आणि हे कार्टं मी."

आईचा फोटो नव्हता त्यांच्याकडे.
ते पाच वर्षांचे असताना
क्षयाच्या रोग्यांना न्यायला जहाज आलं,
ती शिडी चढली,
कुठल्या शहरात पुरली, तेही कुणी कळवलं नाही.

"मागे ने. अजून. थांब."

पडद्यावर
मुरडलेलं नाक.

आमच्या थंडीत ओठांना काम कमी.
भुवया वर गेल्या तर ते आश्चर्य नव्हे, होकार.
नाक मुरडलं तर तो तोरा नव्हे,
नुसतं नाही.
तान्ही पोरं बोलण्याआधी एवढं शिकतात.
तो कॅमेरावाला शिकला नसेल.
किंवा
शिकला असेल.

चहा गार झाला. आजोबा म्हणाले,
"शहराशहरांत दाखवलं असेल हे.
दर खेळाला ती नाही म्हणाली असेल,
आणि खुर्चीतले लोक म्हणाले असतील, बघा, किती गोड हसते."

मला ते दृश्य हवं होतं. खोटं कशाला बोलू?
आजोबांवरचाच सिनेमा, त्यात आईच नसेल तर
मधोमध भोक पडतं.
रात्री दोनदा ते जोडलं, दोनदा काढलं.

सकाळी आजोबा शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले.
तिचं नाव उल्लुरिआक.
गेलेल्याचं नाव ज्याला लागतं, त्याला नातंही लागतं,
म्हणून हा म्हातारा तिला आई म्हणतो,
तिच्या वाढदिवसाला हातमोजे देतो,
आणि ती त्याला, लहर लागली तर, रागावते.

मी कॅमेऱ्याला झाकण लावलं.
आजोबा गुडघ्यांवर बसले, गुडघे कडाडले.
"आई, तुला लोकांना दाखवू का?"

ती वाळवलेला मासा चघळत होती.
"बाळ कोण?"
"मी."
"एवढा जाडा?"
मग बराच वेळ ती पडद्यावरच्या तिच्याकडे बघत राहिली.
चघळणं थांबलं.

नाक मुरडलं तिनं.
तस्संच. डावीकडे जरा जास्त.

दाराशी जाऊन, बूट चढवता चढवता म्हणाली,
"ह्याला एकट्याला दाखव.
पण रोज नको. रडतो मग."

सिनेमात बाविसाव्या मिनिटाला
अकरा सेकंद काळोख आहे.
कुणाला वाटतं प्रोजेक्टर बिघडला.
नीट ऐकलंत तर कातड्यातून जाणारी सुई ऐकू येईल,
टाक्यावर टाका.

संग्रहालयाचं बिल आलं.
अकरा सेकंदांचे, पान नऊप्रमाणे,
पूर्ण पैसे भरले मी.
कशासाठी वापर, या रकान्यात लिहिलं :
न दाखवण्यासाठी.
आणि नाव अज्ञात खोडून
नाव.