पाचर

नवे पाटे बसवले त्या दिवशी
गाडी मागून चार बोटं उठली.
मी खूश. आरशात रस्ता जरा जास्तच दिसत होता.
कावळा नाका मागे पडला
आणि काटा पन्नासवर येताच
खालून कुणीतरी हुंकार द्यायला लागलं.

हुं. गोष्ट ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा.
चाळीसला गप्प, साठला विरलेला,
पन्नासला मात्र नेमका हजर,
शिरोलीच्या पुलापर्यंत आणि परत.

दस्तगीर मिस्त्रींचा उजवा कान फाउंड्रीत गेला.
ते डाव्यानं ऐकतात, आणि दातांनी.
गाडी घोड्यांवर चढवून, चाकं फिरती ठेवून
लांब पेचकसाची मूठ त्यांनी दातांत धरली,
टोक डिफरन्शियलवर टेकवलं, डोळे मिटले.
ओंकारनं रेडिओ बंद केला.

"दात ब्येस हाईत," ते म्हणाले.
"तुमचे का गाडीचे?" ओंकारनं विचारलं
आणि टप्पल खाल्ली.

दोन दिवस गेले. बेअरिंग हातानं फिरवून झाली,
यू-बोल्ट आवळले,
सायलेन्सरचा पाइप कुठं घासतोय का पाहिलं,
टायर पुढचे मागं घातले.
पुन्हा शिरोली. पुन्हा हुं.

"पाटे घातल्यापासनं लागलंय न्हवं?
मग पाट्यास्नीच इचारू की."

मार्केट यार्डात आतेभावाची अडत.
गुळाचे सहा रवे उसने मागितले.
"मोटारीला गूळ?" तो म्हणाला, "बाळंतीण हाय काय ती?"
पण हमालाकरवी दिले.

दोन रवे ठेवले: आवाज बसका झाला.
चार ठेवले: कान देऊन ऐकावा लागला.
सहा, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून ओंकार:
पन्नासला नुसता वारा.

मिस्त्रींनी फरशीवर खडूनं रेघ ओढली.
ही गिअरबॉक्स, हा शाफ्ट, हे मागचं नाक.
"जुनी कमान बसली हुती.
शाफ्टला त्या वाकण्याची सवं लागली.
आता ती ताठ झाली, अन्‌ क्रॉस बिचारा
मान मोडून बघतोय."

जुनी कमान बसवली कुणी, ते मला ठाऊक होतं.
अण्णा जनावरांचे डॉक्टर.
मागच्या सीटवर नायट्रोजनचं पिंप, औषधाची खोकी,
एकदा तर राधानगरीहून आणलेलं आजारी वासरू,
आणि सुट्टीत आम्ही पाच जणं, त्यावर मामा.
तीस वर्षं.
यातलं मी मिस्त्रींना काही सांगितलं नाही,
ते खडू पुसत होते.

उद्यमनगरात पिराजीनं शेपरवर पाचर काढून दिली.
दोन अंशांची. डोळ्याला उतार कळत नाही,
बोट फिरवलं तर कळतो,
झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा.
पाटा आणि एक्सलच्या मध्ये ती गेली
आणि हुंकाराचा सरळ आरडाओरडा झाला.
जाड बाजू उलटी पडली होती.
मिस्त्रींनी ओंकारकडं पाहिलं. ओंकारनं छताकडं.
पुन्हा घोडे, पुन्हा बोल्ट,
पाचर फिरवून घातली.

आता पन्नासला काही नाही.
रवे परत गेले. एकाचा कोपरा उडाला होता,
आतेभावानं पैसे घेतले नाहीत, टोमणा मारला.

मी एकटीच असते गाडीत.
पूल लागला की अजून हात आपोआप काच वर करतो,
मी ऐकते.
मागच्या सीटच्या शिवणीतून
मुंग्यांची रांग चाललेली असते,
सहा रवे बसले होते तिथवर जाते,
जरा घुटमळते,
वळते.