एकशे बारा फोटो

पोरगा बेंगळुरूला गेला तेव्हा
त्याचा ड्रॉइंगचा टॅबलेट इथंच राहिला,
चार्जरच्या गुंत्यात, तार तुटलेल्या रॅकेटशेजारी.
भंगारात घालायच्या आधी
म्हटलं, एकदा पेन टेकवून बघावं.
पडद्यावरचा राखाडी गोळा
कणकेसारखा दबला.

तेव्हापासून रात्री साडेदहाला
ओटा पुसून झाला की
मी मूर्ती करते.
हाताला माती लागत नाही,
याचं आधी वाईट वाटायचं.
उजवीकडं ओढलं की डावीकडंही
आपसूक कान फुटतो,
आणि चुकलं की कंट्रोल-झेड.
सव्वीस वर्षांच्या संसारात
ही सोय कुणी दाखवली नव्हती.

दिवसा मी उद्यमनगरात,
फौंड्रीच्या इन्स्पेक्शनला.
पंपाच्या बॉड्या उलट्यासुलट्या करते,
आत बॅटरी मारते,
मोहरीएवढं ब्लोहोल दिसलं
की लाल खडूची फुली. माल परत भट्टीत.
माझ्या नजरेतून काही सुटत नाही
असं साहेब सगळ्यांना सांगतात,
पगार न वाढवता.

मग मोबाइलवर एक ॲप मिळालं.
वस्तूभोवती फिरत फोटो काढायचे,
वरून, खालून, पोटाच्या रेषेत,
की ते फोटो एकमेकांना ओळखून
आकार घडवतात.
खलबत्ता जमला.
पितळी तांब्या नाही जमला,
चकाकणाऱ्याला कुठूनच धरता येत नाही.
नवऱ्यानं वीस फोटोंपर्यंत दम धरला,
टीव्हीत विकेट पडली
आणि त्याला दोन नाकं आली.

म्हणून पहाटे गंगावेशीत गेले,
म्हशी उभ्या असतात आणि माणसं
ग्लास धरून धारेची वाट बघतात, तिथं.
हिंदुराव गवळ्याची रतनी.
"काढा की फोटो. किती?"
"एकशे बारा."
"लगीन ठरलंय व्हय तिचं?"

शेणातून चप्पल सावरत
मी तिच्याभोवती फिरले.
शिंगांची वळणं, खुब्याचं हाड,
नुकतीच भादरलेली पाठ.
रतनी चुळबुळली की हिंदुराव
तिच्या मानेखाली हात फिरवायचा.
"हो... हो... थांब बाई."
थांबायची.

रात्रभर लॅपटॉपचा पंखा घुमत होता.
सकाळी बघते तर
म्हैस आलीय. खरंच आलीय!
डाव्या शिंगाच्या मुळाशी चीर,
समोर उभी होती तेव्हा दिसलीच नव्हती मला.
शेपूट नाही, नुसत्या धुराच्या रेघा.
आणि मानेखाली
दोन तळव्यांएवढं भगदाड.

हलतं ते यंत्र धरत नाही.
हिंदुराव त्यातल्या कितीतरी फोटोंत होता
आणि आता कुठंच नव्हता.
जिथं त्याचा हात फिरला,
तेवढीच म्हैस नव्हती.

बुजवायचं बटण असतं.
मी दाबलं.
एका टिचकीत सपाट कातडं ओढलं गेलं
आणि ती जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसायला लागली,
कुणाचीच नसलेली.
कंट्रोल-झेड.

शिरोलीत एक ओळखीचा आहे,
त्यानं वीतभर प्रिंट काढून दिली.
"मॅडम, पीसला होल आहे. रिपेअर करू?"
मला हसू आलं. त्याला काय सांगणार.

हिंदुरावनं ती वळवून वळवून बघितली.
"शेपूट कुठाय हिची?"
"हलवत होती."
"व्हय, माश्या लई."
बोलता बोलता त्याचा अंगठा
मानेखालच्या त्या भोकात गेला होता
आणि तिथंच, त्याच्याही नकळत, फिरत होता.
रतनीनं मागं शेपूट झाडलं.
मी मोबाइल काढला नाही.

साडेआठचा भोंगा गाठायचा होता.
त्या दिवशी नऊ फुल्या मारल्या.
पंपाला भोक चालत नाही.