तिसरा चमचा

ओयारसून बाईंनी पहिलं घराबाहेर काढलं ते कपाट.
भूकंप तसा किरकोळच होता,
वालपाराइसोत अशाला कुणी उठूनही बसत नाही.
पण कपाट पलंगावर आडवं झालं,
आणि बाई नेमक्या तेव्हा
चहाचं आधण बघायला उठल्या होत्या.
"एर्मिंदा," त्या स्वतःलाच म्हणाल्या,
"चाळीस वर्षं पुसलंस याला,
आणि हेच मेलं तुझ्या उरावर बसायला निघालं."

मग दर मंगळवारी
आमच्या दारांसमोरच्या जिन्यावर
एकेक वस्तू येऊन बसू लागली.
शिवणयंत्र.
नवऱ्याचे गमबूट, टाचेला बंदरातलं ग्रीस अजून तसंच.
लग्नातल्या बारा बशांपैकी अकरा.
चिठ्ठी नाही, किंमत नाही.
एकशे बासष्ट पायऱ्यांचा तो जिना,
येणारा-जाणारा उचलून न्यायचा.
कुत्री हुंगून जायची,
सीगल वरून शिटायचे.

खरं सांगायचं तर
येणारा-जाणारा बहुतेक वेळा मीच असायचो.
फुकटचं कुणाला नको?
खुर्ची आणली.
खुर्चीला टेबल हवं म्हणून टेबल,
टेबलावर घड्याळ, घड्याळाखाली
क्रोशाचा रुमाल, कोपऱ्यात त्यांच्या आईचं आद्याक्षर.
वर्षभरात त्यांची खोली रिकामी होत गेली
आणि माझी भरत.
मधे एक पत्र्याची भिंत, दोघांच्या मालकीची.

एकदा त्यांना संध्याकाळच्या चहाला बोलावलं.
बोलावून बसलो, आणि मग लक्षात आलं.
त्या आपल्याच खुर्चीत टेकल्या,
आपल्याच बशीतला अव्होकाडो फासलेला पाव
सावकाश खाल्ला,
आपल्याच घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "उशीर झाला."
निघताना टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं,
बोटाला लागलेली धूळ फुंकली.
"अधूनमधून पुसत जा रे."
एवढंच.

त्यांच्याकडे आता तीन चमचे.
एक स्वतःचा, एक पाहुण्याचा.
तिसरा?
"पाहुण्याशी भांडण झालं
तर समजूत घालायला येईल त्याचा."

काल रात्री पुन्हा हललं.
माझ्या खोलीत सगळं एकदम बोलायला लागलं,
अकरा बशांचे दात वाजले,
घड्याळ तोंडावर पडलं,
शिवणयंत्राचं चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं.
आणि मी अंधारात, अनवाणी,
दोन्ही हात पसरून
कपाट धरून उभा.
हो, कपाटही मीच आणलंय,
चौघांना बिअर पाजून.

भिंतीपलीकडे
तीन चमचे जरासे किणकिणले.
बाईंचं घोरणं
होतं तसं चालू राहिलं.