तळ्याशी

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर,
पन्नाबेनच्या क्लासात मीच सगळ्यांत म्हातारी.
बाकीच्यांना कॅनडाचा व्हिसा हवाय,
मला सुनेला धड मेसेज करता आला की पुरे.

शहर असेल तर इन, रस्ता असेल तर ऑन.
पन्नाबेन फळ्यावर डबा काढतात, मग टेबल,
आणि ॲटसाठी नुसता ठिपका.
"टपकुं मूको, मासी, बस."
हिअरला म्हणे काहीच लावायचं नसतं.

आमच्यात शब्द आधी स्वतः वाकतो,
बडोदं बडोद्या होतं,
मग मागच्या दाराने त येतो, ला येतो, हून येतो
आणि घरचाच होऊन जातो.
इंग्रजीत गाव ताठ,
पुढ्यात चोपदार,
त्याला विचारल्याशिवाय आत जाता येत नाही.

मार्चमध्ये हे फिरायला गेले ते नऊ वाजले तरी आले नाहीत.
ह्यांना हल्ली घर आठवत नाही,
न्यायमंदिर आठवतं, तिथली तीन नंबरची खिडकी.
शेवटी शेजारच्या भाविनचा फोन :
काका तो सुरसागर पर बेठा छे.
पर म्हटल्यावर मला सगळं कळलं.
आणि घाईघाईत मी विनिपेगला कळवलं,
बाबा इज इन सुरसागर.

तिथे सकाळचे अकरा.
हॅनाने नकाशा उघडला असणार,
नकाशात नुसतं निळं.
तिचा फोन आला तो ऑफिसच्या जिन्यातून,
हुंदक्यांमधलं एकही वाक्य मला लागेना,
एवढंच उमगलं
की माझ्या दोन अक्षरांनी ह्यांना बुडवलंय.

भाविनने व्हिडिओ लावला.
हे कठड्याला टेकून शेंगा सोलत होते.
पाण्यात उभ्या महादेवाला सांगत होते,
आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या.
हॅना हसली, मग पुन्हा रडली.

तळ्याशी.
एवढंच म्हणायचं होतं मला.
लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना
चुकीची उडी पडली की बाद, बास,
दुसऱ्या डावात परत आत.

आता संध्याकाळी मीही जाते बरोबर.
निघताना मेसेज टाकते, ॲट घालून,
दोनदा तपासून.
काल शेंगांची पुडी संपत आली तेव्हा
ह्यांनी माझी बाही ओढली.
अहो बाई, आपण कुठे आहोत?

वर, त, शी, सगळे जिभेवर येऊन थांबले.
मी म्हटलं,
इथे.