तिसरी विहीर

हिला रहाट नाही, काठ नाही,
वाकून डोकावता येईल एवढं तोंडही नाही.
दोन इंची पांढरा पाइप, जमिनीत वीस फूट,
खालच्या दहा फुटांना केसाएवढ्या चिरा.
कागदावर आम्ही हिलाही विहीरच म्हणतो.

आयोवा. ऑक्टोबर. मका अर्धा कापून झालेला.
आर्डिस ट्वेट यांच्या नळाला
दोन वर्षं रंगाच्या डब्यासारखा वास येतोय.
शेजारी लायल हावरकाम्पचा बंद पडलेला पेट्रोल पंप,
टाक्या अजून जमिनीतच.
पाणी कुठं मुरतंय
हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.
त्यांनी अर्ज केला.
लायलनं गाडीतून हात हलवणं सोडलं.
चर्चमधल्या एकाच बाकाची आता दोन टोकं झालीत.

पहिली विहीर कुंपणालगत.
ड्वेन यंत्र चालवतो, मी मातीची नोंद ठेवते.
नळी वर आली की सुरीनं उभी चिरायची:
शून्य ते दोन फूट, काळी, मुळं, एक गांडूळ.
दोन ते सात, चिकण, राखाडी, गंजाच्या रेघा.
सातच्या खाली वाळू, बारीक, ओली.
मीटर धरला: चार. पाच. चार.
"सापडलं?" बाई पायरीवरून.
"प्रयोगशाळा सांगेल."
हे वाक्य आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

दुसरी लायलच्या हद्दीत, टाक्यांच्या उशाशी.
परवानगीवर त्यानं न वाचताच सही केली.
मीटर: अकरा.
एवढ्यावर कुणाला फाशी देता येत नाही.

तिसरी निव्वळ भूमितीसाठी.
दोन बिंदूंची रेघ होते, उतार होत नाही.
पाणी कुठून कुठं चाललंय ते कळायला
तिसरा बिंदू लागतो, म्हणून घरामागं,
कैलासवासी मर्ल ट्वेट यांच्या शेडपाशी,
जिथं काही असायचं कारणच नव्हतं.

नऊ फुटांवर ड्वेननं यंत्र थांबवलं.
मला मीटर बघायची गरज पडली नाही.
तरी बघितला.
चारशे बारा.

बाई कॉफीचे दोन मग घेऊन येत होत्या.
मध्येच थांबल्या.
तो वास त्यांच्या ओळखीचा असावा,
तळघरातल्या खुंटीवरच्या कपड्यांचा, शनिवारचा.
मला एवढंच म्हणाल्या,
"ट्रॅक्टरचे सुटे भाग तो इथं धुवायचा.
डबा इथंच ओतायचा. एकोणतीस वर्षं.
तण उगवत नाही म्हणून खूश असायचा."

दुसऱ्या दिवशी फीत सोडली तिन्ही विहिरींत.
पाण्याला टेकली की बारीक शिटी वाजते.
तीन आकडे. ट्रकच्या बॉनेटवर वही ठेवून त्रिकोण काढला.
बाण निघाला तो शेडपासून,
स्वयंपाकघराखालून, बाईंच्या पंपाखालून,
लायलच्या टाक्यांकडे.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा
फक्त हात थरथरतोय का ते बघायला.

दोघांनी दोन वर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलं.
पाणी मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

लायल कुंपणाशी आला, टोपी हातात.
"माझ्याच टाक्या ना?"
त्याचा आवाज ऐकून कळलं,
हात हलवणं त्यानं रागानं सोडलं नव्हतं.
मी ते शिकवलेलं वाक्य म्हटलं.
ते इतकं जड कधी लागलं नव्हतं जिभेला.

झाकण बसवलं, गवताच्या पातळीत,
तीन बोल्ट, एक कुलूप.
बाईंनी विचारलं, "यावरून गवत कापायचं यंत्र जाईल?"
"जाईल. पातं थोडं वर घ्या."
"तिथं गवत नाहीच म्हणा," त्या म्हणाल्या.

निघताना आरशात दिसल्या,
हातात मग, थंड झालेला,
तोंड कुंपणाकडे.
चालत होत्या की नुसत्या उभ्या होत्या
ते वळणापर्यंत कळलं नाही.