यूयुमदेन

मांद्र्याला काजूच्या भाटात, माझ्या मागच्या खोलीत
केलिमात राहते. कॉकेशसच्या डोंगरातली.
भाडं वेळेवर, बोलणं कमी, तव्यावर बटाट्याचे खिचीन.
वीज गेली त्या रात्री मोडक्या हिंदीत तिनं विचारलं,
मास्तर, तुम्ही काय शिकवायचात?
विभक्ती, म्हटलं. अठ्ठावीस वर्षं.
स-ला-ते, स-ला-ना-ते.
आमच्यातही आहेत, म्हणाली. सहाच.

मग पायरीवरच्या धुळीत बोट.
यूय म्हणजे घर.
शीळ घालायला ओठ गोल करायचे आणि म्हणायचं ‘ई’.
तिसऱ्या खेपेला माझी कवळी हलली.

यूयुम, माझं घर.
यूयुमदे, माझ्या घरात.
यूयुमदेन, माझ्या घरातून.

आमचं ‘माझं’ ओसरीवर उभं असतं, दाराबाहेर,
आत कोण आहे ते बघून कपडे बदलतं, माझा, माझी, माझ्या;
हाकलायला कुणी आलं तर पहिलं तेच पायरीखाली.
तिचं ‘म’ घराच्या अंगाला चिकटलेलं.
‘तून’ला यायचं तर
त्याच्या मागून यावं लागतं.

आनानी म्हणजे आईचं, ती म्हणाली.
आनानी म्हणजे आईला.
दोन्हींना एकच प्रत्यय?
एकच.
वर्गात मी याला अर्धा गुण कापला असता.

आईला उचललं तेव्हा ती सहा वर्षांची.
मार्चची पहाट, अंगणात ट्रक, मग आगगाडी, मग सपाट मुलूख,
जिथं बघायला एक टेकडी नाही.
खेळायला काही नव्हतं म्हणून ती शब्द चालवायची:
यूयुम, यूयुमे, यूयुमदेन.
माझं घर, घराकडे, घरातून.
‘दे’ गाळायची.
तेरा वर्षं गाळला.

वीज आली. पंखा फिरला, धूळ हलली,
‘दे’वरचं बोट तिनं तसंच ठेवलं होतं.

सोमवारी पेडण्याला मामलेदारांकडे माझी तारीख.
मुंडकाराचा अर्ज, बापाच्या सहीचा, बापाच्या वयाचा.
जमीन भाटकाराची, माडही त्याचे,
भिंती आमच्या, हे तोंडी.
कारकुनानं मान वर न करता विचारलं,
घर कोणाचं?

मी ओठ गोल केले.

मोठ्यानं बोला, तो म्हणाला.