लाभ

'काहीच नाही' नावाची एक वस्तू असते.
भाषेच्या पोटात, अगदी तळाशी, एकच.
ज्याला परत द्यायला काही नसतं
तो तिच्याकडे बोट दाखवतो
आणि तिच्या पाठीवरचा आकडा एकाने वाढतो.
काम झालं, बोट काढलं, एकाने कमी.
आकडा शून्यावर आला की झाडूवाला जागा मोकळी करतो.
तिचा शून्य व्हायचा नाही कधी. हजारो बोटं तिच्यावर.

तरी दर अकरा दिवसांनी
ती मरत होती.

महापेला, चौथ्या मजल्यावर,
हर्षल मढवी म्हणाला, मेमरीची पट्टी खराब असेल.
पट्टी बदलली.
अकराव्या दिवशी, पहाटे पावणेचारला, पुन्हा.
मग मी जागोजागी छापायच्या ओळी पेरल्या
तर चौदा दिवस गेले, वीस गेले, ठणठणीत.
पेढे आणायच्या बेतात होतो आम्ही.
नंतर कळलं, माझीच एक ओळ
दर वेळी एक बोट तिच्यावर विसरून येत होती.
माझी चूक त्या चुकीचं भरून देत होती
गुपचूप, पैशाला पैसा.

कोपरखैरण्याला घरी पोचायला अकरा वाजायचे.
अण्णा जागे. ताटावर ताट झाकलेलं.
"किती घटतंय?"
एकच. दर खेपेला एकच. कुठल्या खेपेला ते कळत नाही.
तीस वर्षं दाणाबाजारात मापाडी होते ते.
म्हणाले, "नवी पोरं यायची.
पहिल्या पोत्याला म्हणायची लाभ,
दुसऱ्याला एक.
शंभर उतरली की नव्याण्णव भरायची.
सगळे ओरडायचे, चोरी, चोरी.
चोरी कसली. लाभ मोजलाच नाही."
मी म्हटलं, अण्णा, हे तसलं नाही हो,
आणि ताट घासायला उठले.

अकरा दिवस वाट कोण बघणार?
एकेक फंक्शन पकडलं, लाख लाख वेळा हाकलं,
आधी आकडा, नंतर आकडा.
जुळला. जुळला. जुळला.
खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर उजाडून पुन्हा मावळला.
तारखा वाचणाऱ्या फंक्शनपाशी
नेहमीच्या तारखा जुळल्या, चुकीच्याही जुळल्या,
एकतीस फेब्रुवारीसुद्धा.
मग सहज, कंटाळून, दिवसाची जागा कोरी सोडली.

लाखाने घटला.

कोण लिहितं अशी तारीख?
एका रुग्णालयाच्या नोंदीत होत्या, रोज काहीशे:
साल माहीत, महिना माहीत, आषाढातला म्हणे,
दिवस विचारायला आई उरली नाही.
अण्णांसारखी माणसं,
फक्त मास्तरांनी एक जून ठोकून न दिलेली.
कुठल्या तरी कारकुनाने
खोटं लिहिण्यापेक्षा जागा कोरी ठेवली होती
आणि त्या प्रामाणिकपणावर
आमची भाषा अकरा दिवसांनी कोसळत होती.

चौदा वर्षांपूर्वीची ओळ. लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, र. वि.
वर एक शेरा: असं कधी होणार नाही.
खाली 'काहीच नाही' पुढच्याच्या हाती दिलेलं,
आकडा न वाढवता.
घेणाऱ्याने मात्र नियमाने, काम झाल्यावर, एक कमी केलेला.

मी एक ओळ घातली.
हर्षलने ती तीनदा वाचली आणि म्हणाला, एवढंच?

आज बाविसावा दिवस.
अण्णांनी विचारलं, "मग? काय सापडलं?"
काहीच नाही, मी म्हटलं,
आणि माझं मलाच हसू आलं. त्यांना ते कळलं नाही.
मटार सोलत बसलो दोघं.
मी विचारलं, त्या नव्याण्णववाल्या पोराचं काय झालं पुढे?
बराच वेळ शेंगा नुसत्या उघडत राहिल्या.
"टोळीने घेतलं नाही परत.
मला माहीत होतं तो कुठे चुकला ते.
दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं.
लाभ म्हणताना बोट दुमडायचं,
एवढंच तर शिकवायचं होतं."